दोघींचं क्रियापद

तिसऱ्या फेरीलाही हेडविकामावशींनी बटाट्याला ‘क्रोम्पिर’ म्हटलं, तेव्हा मी पेन्सिल टेबलावर आपटली.

अख्ख्या बोवेत्सच्या खोऱ्यात बटाट्याला ‘चोम्पे’ म्हणतात. तिथलं शेंबडं पोरही म्हणतं. दहाच मिनिटांपूर्वी खुद्द मावशींनी खिडकीतून भावजयीला ओरडून सांगितलं होतं, “अल्बिना, चोम्पे उतरव, लगदा होईल!” आणि लगेच माझ्याकडे वळून, एप्रनच्या चुण्या नीट करून, धडा म्हटल्यासारखं, “डॉक्टरबाई, त्याला क्रोम्पिर असे म्हणतात.”

“मावशी, आत्ता तुम्ही चोम्पे म्हणालात.”

“ते अल्बिनाला. तुम्ही ल्युब्लियानाहून आलात.”

राजधानीहून, ल्युब्लियानाहून आले होते खरी. व्र्शिचचा घाट मे उजाडला तरी बर्फाने बंद, म्हणून सगळ्या डोंगराला वळसा घालून, साडेतीन तास खटारा गाडी हाकत. तेही बटाट्यासाठी नाही, आणि डॉक्टर मी भाषेची, औषधांची नाही. बोलीभाषांच्या नकाशासाठी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी या गावाची वही भरली होती. आठशेच्या वर प्रश्न, मोत्यासारखं अक्षर, आणि एकाच ओळीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. आमच्या भाषेत एक आणि अनेक यांच्याखेरीज दोघांसाठी वेगळं रूप असतं, संस्कृतात आहे तसं. पश्चिमेकडच्या कित्येक गावांत दोन बायकांच्या बाबतीत ते झिजून गेलंय. दोघी असल्या तरी क्रियापद अनेकींचं लावतात. या गावात काय करतात, एवढंच मला हवं होतं. एक वाक्य. संपादकांनी बजावलं होतं, “जूनअखेर पानं छापायला जातील. नाहीच मिळालं तर खालच्या गावचं रूप तिथे टाकून मोकळे होऊ.”

गावात जन्मून गावातच राहिलेली, चौऱ्याहत्तर वर्षांची, खणखणीत आवाजाची बाई एकच होती. हेडविकामावशी. लग्न न केलेल्या. बाप आणि भाऊ गेल्यावर घरात त्या आणि भावाची बायको अल्बिना. चुली दोन, भांडण एकच, आणि ते वर्षानुवर्षं चाललेलं.

मी चित्र पुढे सरकवलं. दोन बायका गवताचा भारा नेताहेत.

“या काय करतायत, मावशी?”

मावशींनी चष्मा लावला. “या दोघी गवत वाहून नेत आहेत.” दोघींचं क्रियापद, एक काना-मात्रा न चुकता. आकाशवाणीवर बातम्या देणारी बाईही इतकं शुद्ध बोलत नाही. मी तर नाहीच.

“आणि तुम्ही नि अल्बिना गवत नेता, तेव्हा कसं म्हणता?”

“तसेच म्हणतो.”

तेव्हा माझा तोल गेला. “मावशी, पुस्तकातली भाषा नको हो मला! ती माझ्याकडे कपाटं भरून आहे. मला तुमची हवीय. घरातली, गोठ्यातली!”

मावशींनी चष्मा काढून त्याची घडी केली.

“मी शाळेत गेले तेव्हा इथे इटलीचं राज्य,” त्या म्हणाल्या. “मास्तरीणबाई कुठून तरी पार दक्षिणेकडची. पहिल्याच दिवशी बाकावरच्या मुलीला आपल्या भाषेत ‘जरा सरक’ म्हटलं, तर हातावर पट्टी. जी काही आपली भाषा होती, ती शाळेत बंद. मग फादर अलोइझ आम्हां नऊ जणांना रविवारी आपल्या स्वयंपाकघरात बसवायचे. प्रार्थनेचं पुस्तक एक. टेबलाभोवती बसायचं. माझी जागा समोरची, म्हणून मी उलटंच वाचायला शिकले. अजून येतं. हे दोघांचं क्रियापद त्यांनी शिकवलं. म्हणाले, हे नीट सांभाळा. सांभाळलं. आणि आता राजधानीतून शिकलेली बाई येते आणि म्हणते, गोठ्यातलं बोला.”

मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, चीडही गेली नाही. वहीतलं प्रश्नचिन्ह जागच्या जागी होतं आणि माझी रजा त्याच दिवशी संपत होती.

“चुकलंच माझं,” मी म्हणाले आणि कागद गोळा करायला लागले. इतक्यात अल्बिना धाडकन दार उघडून आत आली. एका हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं, दुसऱ्यात दह्याच्या चक्क्याचा वाडगा.

“वन्सं, फाटक कोणी उघडं टाकलं? मेंढ्या वाफ्यात घुसल्यात. सॅलडचं एक पान राहिलं नाही!”

“मला काय विचारतेस? तूच टाकलंस.”

“मी? मी तर फाटकाला हातही लावला नाही.”

“काल चर्चला आम्ही दोघी बरोबर गेलो, बरोबर परत आलो, पुढे मी, मागे तू! मग मागे फाटक कोण ओढणार, बिशप?”

मी श्वास रोखला. ‘आम्ही दोघी’ म्हणून पुढे ‘गेलो’, ‘आलो’ ही अनेकींची रूपं. एकदा नाही, लागोपाठ दोनदा.

“गेलो म्हणे!” अल्बिनाने पातेलं आदळलं आणि तेच क्रियापद दोघींच्या रूपात ठसक्यात म्हणून दाखवलं. “आमच्या माहेरी अजून असं बोलतात. तुमच्या गावाला दोन मोजता येत नाहीत.”

मावशी उत्तर देणार, तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर गेली. माझ्या टेपरेकॉर्डरमधली कॅसेट फिरत होती.

“ते यंत्र चालू होतं?”

“होतं, मावशी.”

“वाजवा.”

मी वाजवलं. मावशी मान तिरकी करून ऐकत राहिल्या. “ही मी नाही. ही बाजारातली कुणी बाई आहे. पुसा.”

“मावशी, एवढंच तर...”

“पुसा म्हणते ना!”

आमच्या कामात बोलणाऱ्याची परवानगी नसेल तर एक अक्षर घेता येत नाही. तीन फेऱ्या, शेकडो मैल, आणि हातात आलेलं वाक्य बोटाच्या एका दाबाने जाणार. मी बटणावर बोट ठेवलं. मग जे मनात होतं तेच, रागानेच, बोलून गेले.

“पुसते. पण मग नकाशावर तुमच्या गावात खालच्या गावचं रूप छापतील. त्याला माझा इलाज नाही.”

“कुठल्या गावचं?”

“माझ्या माहेरचं,” अल्बिना खुशीत म्हणाली.

मावशींचा चेहरा लाल झाला. “तिच्या गावचं? आमच्या गावाच्या नावावर?”

“वन्सं, तुम्हीच पुसायला सांगितलंत.”

“तू गप्प बस. डॉक्टरबाई, बोट काढा तिथून. लिहा, ‘गेलो’. आमची आई असंच म्हणायची, तिची आईही. पण खाली हेही लिहा, की या बाईला शुद्धही येतं, आणि ते फादर अलोइझनी शिकवलं.”

“नकाशावर एवढी जागा नसते, मावशी.”

“मग जागा करा.”

आणि त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या! मेंढ्यांच्या दुखण्यांची नावं, बर्फाचे प्रकार, आळशी बाईसाठीचे सात शब्द, सातही अल्बिनाकडे बोट दाखवून. अर्ध्या तासात बॅटरी मेली. जादा बॅटरी मी ल्युब्लियानाच्या टेबलावर विसरले होते. हाताने लिहायला लागले, तर मावशी समोरून उलटं वाचून चुका काढत होत्या. “हा स्वर लांब आहे. लांब! कान आहेत की नाहीत?” जेवणाचं पातेलं गार झालं, बोटं आखडली. उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी माझी टीप वाचली आणि कपाळाला हात लावला.

“फादर कोण हा? आणि बाईंना शुद्ध येतं हे नकाशात कशाला? पानात दोन ओळींचीही जागा नाही.”

“करा,” मी म्हणाले.

“अहो, कशी करू?”

“ते मला विचारू नका. नाहीतर तुम्हीच जा तिकडे आणि तिला समजावून सांगा.”

त्यांनी माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, पुटपुटत पट्टी घेतली आणि समास मोजायला लागले.