दारातला थोरला

तसबिरी मढवणारा प्रभू गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघतो, आधी माप बघतो. बारा बाय सोळात बसला तो फोटो शहाणा, न बसला तो हट्टी. शरणबसव दुकानात शिरला तेव्हा त्याच्या काखेत एक हट्टी चित्र होतं.

चित्र विलायती, दीडशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून छापलेलं. शरणबसवाचे वडील सिद्धप्पा, घरात सगळ्यांचे अप्पा, एका मिशनच्या शाळेत शिपाई होते. मायदेशी परतताना मडमेनं त्यांना ते दिलं, वर बायबलातली गोष्टही सांगितली. धाकटा पोरगा वाटणी घेऊन जातो, उधळतो, चिंध्या अंगावर घेऊन परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. उजव्या कडेला शेतातून आलेला थोरला, दाराशी हाताची घडी घालून उभा. अप्पांनी ते बसवण्णांच्या तसबिरीशेजारी टांगलं. पुढं धाकटा चन्नवीर भांडून हैदराबादला गेला, तेव्हापासून तर ते घरचंच चित्र झालं.

आता चन्नवीर संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला येणार होता, कैक वर्षांनी. चित्राची काच तडकलेली. तो यायच्या आत नवी चौकट हवी, असा अप्पांचा हुकूम सुटला. हुकूम पाळायचं खातं अर्थात शरणबसवाकडं. अंघोळ, गोळ्या, डोळ्यांतले थेंब, पाय चेपणं, सगळं त्याच्या नावे. जमेला अप्पांचा एक गोड शब्द नाही. तक्रार तो करत नसे. भांडी तेवढी जरा जोरात ठेवी.

प्रभू म्हणाला, चित्र लांब आहे. नवी चौकट करायला चार दिवस लागतील. उद्याच हवं तर तयार चौकटीत बसवतो, पण एक कड कापावी लागेल. कुठली कापू?

शरणबसवानं दाराशी उभ्या थोरल्यावर बोट ठेवलं.

"उजवीकडची काप. त्याचं काय काम न्हाय तितं."

चन्नवीर आला. अप्पा धडपडत उठले, पडणार तोच शरणबसवानं त्यांचा दंड धरला, आणि ते धाकट्याच्या गळ्यात पडून रडले. शेजारच्या पोरीनं फोटो काढले. शेंगापोळ्यांवर तूप ओतलं गेलं. शेंगा भाजल्या होत्या थोरल्यानंच. दोन दिवस राहून पाहुणा गेला.

त्या संध्याकाळी अप्पांनी चित्र खाली घ्यायला लावलं, डोळ्यांना भिडवलं, उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

"दारातला कुटं गेला?"

"कोण, अप्पा?"

"थोरला की. मी रोज त्यालाच बगत हुतो. मडम सांगायची, बाप मागनं त्याच्याकडं बी गेला, भाईर, समजूत काढायला. चित्रात त्येवडं काढलंच न्हाय."

शरणबसवाला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "मापात बसंना, अप्पा." अप्पांनी मान हलवली आणि चित्र परत टांगायला दिलं.

सकाळी तो कापलेली कड मागायला दुकानात हजर. पण प्रभू कापलेली एकही पट्टी वाया घालवत नाही. फोटो हलू नये म्हणून मागं भरतो. ती पट्टी बार्शीच्या कुणा वारलेल्या गृहस्थाच्या फोटोमागं जाऊन बसली होती, वरून खिळे ठोकून. दुःखातल्या घरी जाऊन भिंतीवरचा माणूस उतरवा म्हणणं शरणबसवाच्यानं व्हायचं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि अप्पा गेले, लिंगैक्य झाले. धड फोटो एकच निघाला, जत्रेच्या वेळी शेजारच्या पोरीनं काढलेला. प्रभूनं संगणकावर चन्नवीरला बाजूला सारलं, शरणबसवाला सारलं. अप्पा एकटे उरले. दंडावर तेवढा शरणबसवाचा एक हात राहिला, मनगटापर्यंत. मिनिटात पुसतो, प्रभू म्हणाला.

"हात ऱ्हाऊ दे."

प्रभूनं मोजपट्टी लावून पाहिली. हातासकट फोटो रुंद होत होता, तयार चौकटीत बसेना.

"मग नवी कर," शरणबसव म्हणाला. "थांबतो मी चार दिवस."