कॅमेऱ्याखालची पिशवी

मी पिशवी बोलतेय. कॅमेऱ्याची नव्हे, कॅमेऱ्याखालची. हसलात ना? हसा. पक्ष्यांचे फोटो काढणारी चार माणसं जमली की तासन्‌तास लेन्सचं कौतुक चालतं. ज्या पिशवीवर ती लेन्स टेकवून हात स्थिर केला, तिचं नाव कुणी घेईल तर शपथ!

माझा जन्म इस्पितळाच्या शिवणखोलीत झाला. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे उसवलेले डगले, सगळं तिथं येतं. माझी ताई तिथं शिवणकाम करते. एक जुनं स्ट्रेचर भंगारात निघालं, तेव्हा तिनं विचारून त्याचं जाड कापड कापून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला शिवलं. माझ्या तोंडाला लावलेली चेन कुणाच्या तरी टाकून दिलेल्या जॅकेटची.

ताईला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते, आणि कॅमेरा कुठला घ्यावा यावर त्याआधी तीन महिने घरात नुसता काथ्याकूट चालला होता. ताईचा धाकटा भाऊ स्वतः मोबाइलवर मांजराचे फोटो काढतो, पण सल्ले द्यायला सगळ्यांच्या पुढे.

"ताई, मोठी लेन्स घे. छोट्या लेन्समध्ये पक्षी मुंगीएवढा येतो."

"आणि प्रवासाला काय उरणार? मोठी लेन्स लावून खिडकीतले कावळे काढू?"

"बरं, कॅमेरा ठेवायला तिपाई तरी घे."

"ती काय तू डोक्यावर घेऊन येणार आहेस?"

शेवटी जुन्या बाजारातला कॅमेरा आला, कडेला ओरखडा असलेली मध्यम लेन्स आली, आणि तिपाईच्या जागी मी. रिकामी असले की माझी घडी सामानात स्वेटरखाली सहज मावते. मुक्कामाला पोचलं की तिथल्याच दुकानातलं धान्य माझ्यात भरायचं, आणि परत निघताना ज्यांच्याकडे उतरलो त्यांना देऊन टाकायचं. सांगा, इतक्या स्वस्तात कोण राबतं? पण नाही, कौतुक लेन्सचं!

तर, त्या खेपेला सहा जणांनी मिळून जीप ठरवली होती. पाच दिवस माळरान पालथं घालायचं. माझ्यात बाजरी भरली होती. बरोबर एक गृहस्थ होते, त्यांची लेन्स एवढी लांब की सगळे त्यांना तोफवालेच म्हणत. पक्ष्यांची माहिती अफाट, हे मी नाकारत नाही. पण नाकानं कांदे सोलण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, उशी घेऊन आलात? झोपायचा बेत आहे वाटतं!" सगळी जीप हसली. ताईही हसली. तिचा मला तेव्हाच राग आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी दगडखाणीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर जीप थांबली. पलीकडच्या गवताच्या कडेला तितराची मादी फिरत होती आणि तिच्या मागे सात पिल्लं. अंगठ्याएवढी एकेक! ताईनं मला जीपच्या खिडकीवर ठेवलं आणि माझ्यावर लेन्स टेकवली. हात स्थिर होता, पण पक्षी लांब होते. तीन दिवसांत तिला मनासारखा एकही फोटो मिळाला नव्हता, आणि पुढचं वर्षभर रजा मिळणार नव्हती. तिची चुळबूळ मला कळत होती.

"तुमच्या लेन्सला एवढं लांबचं नाही मिळायचं," तोफवाले कुजबुजले. "पण काळजी नको. त्यांनाच जवळ बोलावू. उशीत बाजरी आहे ना?"

"रस्त्यावर टाकायची?" ताई म्हणाली. "खाणीच्या गाड्या जातात हो इथून."

"आत्ता कुठली गाडी? एक मूठ. दोन मिनिटांचं काम."

ताईनं चेन उघडली. स्वतःच्या हातानं उघडली. मी तिची आहे म्हणून लपवणार नाही. तोफवाल्यांनी माझ्यात हात खुपसला आणि मूठभर बाजरी रस्त्यावर भिरकावली. अहो, हात स्थिर राहावा म्हणून भरलेलं धान्य ते! कुणाच्या पिल्लांना भुलवायला नव्हतं! मला तोंड होतं ते नेमकं याच कामाला उघडलं.

मादी आली. मागून पिल्लं आली. सहा कॅमेरे खटाखट वाजायला लागले, त्यात ताईचाही. दोन मिनिटांची दहा झाली. तोफवाल्यांनी आणखी एक मूठ घेतली, तेव्हा ताईनं "पुरे" म्हटलं नाही.

आणि वळणावरून ट्रक आला. भोंगा वाजला तशी मादी भुर्रकन उडाली. पिल्लांना उडता कुठं येत होतं? तितराची पिल्लं घाबरली की पळत नाहीत, जमिनीला चिकटून गप्प बसतात. गवतात तसं केलं की जीव वाचतो. ती रस्त्याच्या मधोमध तशीच बसली.

धूळ खाली बसल्यावर पाच पिल्लं उठली.

"काय करणार ताई, निसर्ग आहे," तोफवाले म्हणाले. निसर्ग! ट्रक काय झाडाला लागतो? मला पाय असते तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली असती.

फोटो मात्र देखणा आला. इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी तो मोठा करून लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर लावला. जो तो थांबून वाहवा करी, आणि ताई नुसतं "हं" म्हणे. खरं काय घडलं, त्यावर चकार शब्द नाही! मी तिच्या मशीनखालच्या खोक्यात पडून रोज धुमसत होते. बोल ना ताई. बोल एकदा.

एक दिवस मेट्रनबाई पडदे शिवायला घेऊन आल्या. "अगं, वॉर्डातली एक छोकरी रोज तुझी पिल्लं मोजते. सातही आता मोठी झाली असतील का, विचारत होती. काय सांगू तिला?"

ताईचं मशीन थांबलं.

"सात नाहीत, बाई. फोटो काढला तेव्हा होती. नंतर पाच उरली."

"अगंबाई! कशी काय?"

"फोटोसाठी माझ्या पिशवीतली बाजरी रस्त्यावर टाकली. मी टाकू दिली."

तिनं सगळं सांगितलं. मेट्रनबाई पडदे बाजूला ठेवून म्हणाल्या, "फोटो उतरवायला सांगू का कुणाला?"

"नको. मीच उतरवते. आणि त्या पोरीलाही मीच सांगते."

त्या दुपारी ताईनं माझी चेन उसवली, माझ्यात धुतलेली वाळू भरली आणि दाभणानं माझं तोंड कायमचं शिवून टाकलं. टाके लागले मला, पण मी हूं की चूं केलं नाही. आता प्रवासात मी चांगलीच जड आहे. माझ्यापायी जादाची चप्पल आणि दुसरा स्वेटर घरी राहतो, आणि बसच्या पायऱ्या चढताना ताईला धाप लागते.

लेन्स छोटी असेल तर असू द्या हो. जे दिसतं ते तेवढंच टिपा, आणि घरी या.

परवा ताई तलावावरून आली. भाऊ फोटो बघायला बसला. एकेक फोटो मोठा करकरून त्याचे डोळे दुखायला लागले.

"ताई, नुसतं गवतच दिसतंय. यात पक्षी कुठाय?"

"आहे," ताई म्हणाली. "त्याच्या जागी आहे."