दीड फुटाचा उतार

गोरक्षनाथ नानांना पाण्याबद्दल चार गोष्टी शिकवील असा माणूस सावेडीत अजून जन्माला यायचा होता. बत्तीस वर्षं मुळेच्या कालव्यावर ओव्हरसियर! नुसती जमीन बघून उतार सांगायचे. आणि अशा माणसानं पाणी चढावर जाईल म्हणून वाट बघावी? पण बघितली. कशी, ते ऐका.

त्यांची सोसायटी चाळीस बंगल्यांची. पूर्वी दारोदार अंगण होतं. मग एकानं पेव्हर ब्लॉक बसवले, ते बघून दुसऱ्यानं, आणि बघता बघता आवारात औषधालाही माती उरली नाही. हल्ली पावसाचंही डोकं ठिकाणावर नसतं. महिना महिना थेंब नाही, आणि पडला की तासाभरात महिन्याचा हिशेब चुकता. उन्हाळ्यात बोअर कोरडी, पावसाळ्यात रस्त्याचा ओढा. शेवटी मंडळी बस करून हिवरे बाजार बघून आली, भरपूर फोटो काढले, येताना मिसळ खाल्ली, आणि ठरलं की पाणी जिरवायला आवारात मोठा शोषखड्डा घ्यायचा. जागा नाना ठरवणार. ते सेक्रेटरी, शिवाय पाण्यातलं माणूस.

पण जागा त्यांच्याआधी भागिरथीनंच सांगून टाकली. भागिरथी म्हणजे जुन्या वॉचमनची बायको. नवरा गेल्यावरही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि रोज सकाळी सगळं आवार झाडायची. बावीस वर्षं झाडत होती.

"सायेब, समदं पानी माज्या दारात येतं. तितंच खांदा."

"मोजल्याशिवाय बोलू नये, बाई," नाना हसून म्हणाले.

आणि मोजलं बरं का त्यांनी! रविवारी भागिरथी दळण आणायला गेली होती, तेव्हा गवंड्याचा पाणी भरलेला लेव्हल पाईप घेतला, दुसरं टोक बायकोच्या, पंकजाबाईंच्या हातात दिलं. ईशान्येपेक्षा नैर्ऋत्य दीड फूट खाली. बाईचं बरोबर होतं. नानांनी कागदावर आकडा लिहिला, खाली तारीख टाकली. नोकरीतली सवय.

पंकजाबाईंचा चेहरा उतरला. "नैर्ऋत्येला खड्डा कर्त्या पुरुषाला वाईट असतो, आणि सोसायटीचे कर्ते तुम्हीच. जानेवारीत तुमच्या काळजात दोन स्प्रिंगा बसवल्यात, विसरलात? पाणी ईशान्येलाच असावं."

"अगं, पाण्याला दिशा कळत नाही, उतार कळतो."

"नसेल कळत. पण विषाची परीक्षा घ्यायची कुणी?"

नानांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात घातली. खरं सांगायचं तर त्यांनाही भीती वाटत होती. ऑपरेशन झाल्यापासून जिना चढतानाही ते छातीवर हात ठेवत. भिणाऱ्या माणसाला शहाणपण कुठवर पुरणार?

दुसऱ्या दिवशी मीटिंग. कुणीतरी वास्तूचा विषय काढलाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली भागिरथी न राहवून बोलली, "सायेब, तुमी तरी सांगा!"

कागद नानांच्या वरच्या खिशात होता. त्यांनी खिशाला हातसुद्धा लावला. आणि म्हणाले, "सगळ्यांचं मत ईशान्येचं असेल, तर तसंच करू."

नारळ फुटला. खड्डा झाला तो आवाराच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात.

सप्टेंबरात एका दुपारी तीन वाजता आभाळ फाटलं. तासाभरात सगळ्या आवाराचं पाणी धावत नैर्ऋत्येला गेलं. भागिरथीला खिडकीतून ओढून काढलं, आणि पाचच मिनिटांत मागची भिंत बसली. ट्रंक गेली, धान्य गेलं, नवऱ्याचा एकुलता फोटो गेला. नाना छत्री घेऊन ईशान्येला गेले. शोषखड्ड्याच्या तळाला जेमतेम वीतभर पाणी होतं.

मग काय, सगळ्यांना एकदम अक्कल आली. खोलगट भाग तोच, खोलीही पडलीच आहे, तर खड्डा आता तिथंच घेऊ! वास्तूचं काय? वर झाकण टाकलं की दोष लागत नाही म्हणे! नाना म्हणाले, "पण बाईंना दुसरी खोली बांधून द्यायला हवी."

"आवारात जागा कुठाय, नाना? तिची लेक आहे की नेवाशाला."

नानांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. हळूच म्हणाले, कुणी ऐकलं नाही. भागिरथी एका पिशवीनिशी नेवाशाला गेली.

ऑक्टोबरातला पाऊस नव्या खड्ड्यानं गटागटा पिऊन टाकला. बोअरचं पाणी वर आलं. सोसायटीनं नानांचा सत्कार केला, शाल घातली. ती शाल त्यांना अंगावर ठेववेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी नेवाशाची एसटी धरली.

भागिरथी लेकीच्या पडवीत शेंगा फोडत होती. त्यांना बघून लगबगीनं उठली. "या सायेब! पानी जिरतंय का न्हाई आता?"

"जिरतंय. तुम्ही म्हणाला होता तिथंच."

"लई झ्याक झालं!" बाईला खरोखर आनंद झाला. मग लेकीकडे हात करून म्हणाली, "हिला लई राग हाय तुमचा. मी म्हनलं, उगा कुनाला दोस देऊ नगं. सायबांना ठावं असतं तर त्ये गप बसले नसते. माजा लई इस्वास हाय त्यांच्यावं."

नानांना वाटलं, उठावं आणि परतीची एसटी धरावी. पण त्यांनी खिशातून तो कागद काढला, घड्या उलगडल्या आणि तिच्यापुढे ठेवला.

"हे काय वो?"

"उतार मोजला होता मी. दीड फूट. तुमच्या दाराकडेच. मीटिंगच्या आदल्या दिवशी मोजला होता, बाई. माझ्या जिवाला भ्यायलो."

भागिरथीनं कागद हातात घेतला. दुसरीपर्यंत शिकलेली बाई. आकड्यांवरून बोट फिरवत तिनं तारीख वाचली. मग घडी घालून कागद परत त्यांच्या हातात दिला.

"म्हंजी ठावं हुतं व्हय तुमाला," ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढून पुन्हा शेंगा फोडायला लागली.