विसरलेली पेंढी

मी एक जुनी गोणी आहे. काळ्या शेळीच्या केसांची, खरखरीत, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेली प्रत्येक वस्तू आधी स्वतःची थोरवी गाते. मलाही ती गाता आली असती, कारण एके काळी माझे फार कौतुक झाले होते. पण त्या कौतुकाचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते, म्हणून जे घडले ते सरळ सांगून टाकते.

यहूदाच्या डोंगरात, हेब्रोनकडे जाणाऱ्या वाटेवर एक लहानसे गाव आहे. तिथे अजूबाने मला विणले. ती मशुल्लामच्या घरी नवी नवरी म्हणून आली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरच्याच शेळ्यांचे केस तिने चातीवर कातले आणि अंगणात जमिनीवर माग मांडला. पहिल्या चार दिवसांचे काम पाहून तिच्या सासूने विचारले, "गोणी विणतेस की चाळणी?"  अजूबाने सगळे उसवले आणि पुन्हा असे घट्ट ठोकून विणले, की माझ्यातून जवाचा दाणा तर सोडाच, पीठही गळत नसे. सासूने पुढे कधी चाळणीचे नाव काढले नाही.

आमच्याकडे गोणीला दोन कामे असतात. बऱ्या दिवसांत जव, मसूर, सुके अंजीर भरायचे आणि गाढवाच्या पाठीवर बसून फिरायचे. वाईट दिवस आले, घरात मरण आले किंवा शिवारावर टोळ उतरले, की माझी एका बाजूची शिवण उसवायची. मग घरचा माणूस मला उघड्या कमरेला गुंडाळतो, वरून दोरी आवळतो, डोक्यावर राख घालतो आणि देवापुढे जमिनीवर बसतो. मी अंगाला टोचते, आणि टोचावे म्हणूनच मला गुंडाळतात. देवाकडे मागायला जाताना अंगाला सुख कशाला हवे? संकट टळले की दाभणाने पुन्हा शिवण घालायची आणि पुन्हा जव भरायचे. या दुसऱ्या कामाची मला घमेंड होती. शेजारच्या गोण्यांना नुसते धान्य कळते, मला देव कळतो, असे मी मनात म्हणत असे.

घमेंड चढायला कारणही होते. मशुल्लाम म्हणजे गावातला मोठा माणूस. वेशीजवळच्या दगडी बाकावर वडीलधाऱ्यांत त्याची जागा होती. कोणाचा बांध सरकला, कोणाच्या बैलाने कोणाला ढुशी दिली, सगळे तंटे त्याच्यापुढे येत. त्याचा आवाज भरदार होता. तो आभाळाकडे हात पसरून प्रार्थनेला उभा राहिला, की बायका स्वयंपाक सोडून दारात येत. एकदा टोळधाड आली तेव्हा तो मला गुंडाळून दिवसभर उन्हात उभा होता. संध्याकाळी वारा फिरला आणि टोळ उडून गेले. त्यानंतर लोक येता-जाता मला हात लावून बघू लागले. मी कोपऱ्यातल्या खुंटीवर फुगून बसले.

आता ती पेंढी.

आमच्या शेतात कापणीचा एक नियम आहे. पेंढ्या खळ्यावर नेताना एखादी शेतात विसरली, तर ती आणायला मागे फिरायचे नाही. ती विधवेची, पोरक्याची, परक्या मुलखातून आलेल्याची. विसरलेली पेंढी मालकाची राहत नाही, एवढे सगळ्यांना तोंडपाठ असते. त्या वर्षी जवाचे पीक छान आले होते. सगळ्या पेंढ्या खळ्यावर गेल्या आणि बांधाच्या कोपऱ्यात एक मोठी पेंढी मागे राहिली.

शलोमीत नावाची एक विधवा आमच्याच शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेली कणसे, वेचायला येत असे. चार घरे सोडून राहायची, एकटी. तिने ती पेंढी पाहिली होती. पण कापणारे अजून पलीकडे विळे गोळा करत होते, आणि माणसे निघून जाण्याआधी उठून हात घालणे तिला बरे वाटले नाही. म्हणून ती टोपली मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिली. तिच्या या भिडस्तपणानेच घात केला.

तिकडे खळ्यावर मशुल्लामच्या ध्यानात आले. तो उलट्या पावली आला, गाढवावर मला टाकून. शलोमीत उभी राहिली. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "ही विसरलेली नाही, शलोमीत. ओली होती, म्हणून वाळायला मागे ठेवली होती."

तिने वाकून एक कणीस बोटांत चुरगळले. ते वाळून कडकडत होते.

"बरं," ती म्हणाली. "तुमची पेंढी, तुमचं मन. मनात कोण डोकावणार?"

त्याने पेंढी कणसांच्या बाजूने माझ्यात कोंबली. मी तोंड मिटून घेतले असते, पण गोणीचे तोंड मालकाच्या हातात असते. भुकेने केले असते तर मी आज इतकी लाजले नसते. घरात रांजण भरलेले होते. त्याला ती पेंढी नकोही होती. ती दुसऱ्या कोणाची झाली, एवढेच त्याला पाहवले नाही. घरी आल्यावर त्याने ती गाढवापुढे टाकली आणि विसरून गेला. शलोमीत मात्र त्या दिवसानंतर आमच्या शेतात आली नाही. ती दीड कोस चालून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचू लागली. कोणी विचारले तर म्हणे, तिकडचा जव गोड आहे.

पुढच्या वर्षी अंजीर पिकायच्या दिवसांत नोआ आजारी पडली. नोआ ही मशुल्लाम आणि अजूबाची एकुलती एक मुलगी, आठ वर्षांची. ताप असा चढला, की तिसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना. अजूबाने कपाळावर ओली फडकी ठेवली, छातीवर अंजिराचे लेप लावले. ओळखीच्या म्हाताऱ्या बायका येऊन पाहून गेल्या आणि जाताना एकमेकींशी हळू बोलल्या. तेव्हा मशुल्लामने मला खुंटीवरून काढले आणि माझी शिवण उसवली.

तो अंगणात बसला. उपास धरला. दारात माणसे जमली. त्याने हात पसरले आणि भरदार आवाजात देवाला आपली आठवण करून दिली. आपण वेशीत बसून कधी खोटा निवाडा दिला नाही, सणाचे अर्पण कधी चुकवले नाही, परक्याला पाणी नाकारले नाही. मग तो म्हणाला, "आणि कोणाच्या हक्काचं मी कधी..."

तिथे तो अडखळला. माझ्या शिवणीत जवाचे एक कुसळ रुतून राहिले होते, ते नेमके तेव्हा त्याच्या कमरेत घुसले. लोकांना वाटले त्याला हुंदका आला. दोघी-तिघींनी पदराने डोळे पुसले. त्याने वाक्य तसेच अर्धे सोडले आणि पुढचे सुरू केले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत त्याने ते वाक्य गाळूनच टाकले. देवाच्या लक्षात येणार नाही, असे त्याला वाटले असावे. मी त्याच्या कमरेशी होते, मला सगळे ऐकू येत होते. बाहेर लोक म्हणत होते, काय हा माणूस, काय ही श्रद्धा. माझी आत चिंधी होत होती.

उपासाच्या तिसऱ्या सकाळी तो मला सोडून हातपाय धुवायला गेला. त्याच्या कमरेवर रक्ताचा ठिपका पाहून अजूबाने मला उलटी केली आणि शिवणीत बोट घातले. कुसळ निघाले. ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षे झाली, तिने माझ्यात मसुराशिवाय काही भरले नव्हते.

"अहो, हे जवाचं कुसळ हिच्यात कुठून आलं?"

तो म्हणाला, असेल कुठले तरी. तिने पुन्हा विचारले. गेल्या वर्षी कापणीला संध्याकाळी तुम्ही एकच पेंढी घेऊन आलात आणि गाढवाला टाकलीत, ती कुठली होती? खळ्यावरच्या पेंढ्या तर आधीच येऊन पडल्या होत्या. मशुल्लाम गप्प बसला. वेशीत बसून त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे गप्प बसणे ओळखले होते, त्यामुळे आपलेही ओळखले जाणार हे त्याला कळले. त्याने सगळे सांगितले. मग घाईघाईने म्हणाला, "उद्या पहाटे यरुशलेमला निघतो. कोकरू अर्पण करतो, पहिल्या वेताचं, बिनखोडीचं."

"कोकरू कशाला?" अजूबा म्हणाली. ती ओरडली नाही, पोरगी आत होती. "पेंढी काय देवाची नेली होती तुम्ही? जिची नेली ती चार घरं सोडून राहते. शलोमीतचं दार हाकेवर असताना तुम्ही दिवसभराची वाट धरताय. तिच्यापुढं उभं राहायची लाज वाटते, आणि देवापुढं उभं राहायची वाटत नाही?"

मित्रांनो, त्याने मला पुन्हा गुंडाळले आणि तो तसाच निघाला. डोक्यावर राख, पायांत काही नाही, कमरेला मी आणि खांद्यावर जवाने भरलेली टोपली. भर सकाळची वेळ होती. गल्लीतली माणसे बाजूला झाली. त्यांना वाटले, पोर गेली. कोणी त्याच्या दुःखापुढे मान झुकवावी, आणि ते दुःख नसून चोरी असावी, यासारखी लाज नाही. मला त्या गल्लीत विरून जावेसे वाटले.

शलोमीत जात्यावर बसली होती. त्याला गोणीत पाहून तिचा हात थांबला.

"गेली?" तिने विचारले.

"अजून नाही," तो म्हणाला. मग उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "ती पेंढी मी विसरलो होतो."

पाच शब्द. त्याच्या सगळ्या लांबलचक प्रार्थनांपेक्षा ते त्याला जड गेले. शलोमीतने जात्याभोवतीचे पीठ एका बाजूला सारले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "टोपली ठेवा तिथं. घेणार आहे मी, माझंच आहे ते."

त्याने टोपली ठेवली, पण गेला नाही. "माझं देव ऐकत नाही, शलोमीत. तू बोल त्याच्याशी."

आता मान खाली घालायची पाळी तिची होती. "मी बोलले होते, दादा. त्याच संध्याकाळी, बांधावर बसून. म्हटलं, देवा, ह्याला हात पसरायची वेळ आण, आणि तेव्हा तू कानांत बोटं घाल." तिने पदराने हातांचे पीठ पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "पोरीचं माझ्या मनात नव्हतं. तुम्हालाच काहीतरी होईल असं वाटलं होतं. नोआ माझ्या अंगणात खेळते हो."

ती उठली आणि त्याच्या पुढे चालू लागली. घरी आल्यावर त्याने मला सोडून तिच्यापुढे धरले. गोणी गुंडाळल्याशिवाय प्रार्थना पोचत नाही, असे त्याला अजूनही वाटत होते. तिने मला बाजूला सारले. म्हणाली, "गोणी धान्याला लागते." मग ती नोआच्या उशाशी बसली. हात पसरले तेही छातीएवढेच, आणि आवाज असा, की जात्यावर बसून शेजारणीशी बोलावे.

"देवा, बांधावर मी जे मागितलं ते राहू दे. तू ऐकलंस, मला पोचलं. माझं ह्यांच्याकडं आता काही येणं राहिलं नाही. पोरीला उठव."

एवढेच. ती लगेच उठून गेली, दळण अर्धे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोआला घाम सुटला आणि तिने अंजीर मागितले. ते शलोमीतच्या शब्दाने झाले, अजूबाच्या लेपांनी झाले, की ताप उतरायचाच होता, ते ठरवण्याइतकी मी शहाणी नाही. तीन दिवस मी प्रार्थनेला होते आणि पोरीचा ताप वाढत होता. चौथ्या दिवशी मी कोपऱ्यात पडले होते, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

गावाला याचे काय? गाव म्हणाले, मशुल्लामची प्रार्थना फळली. लोक पुन्हा मला हात लावायला आले. भावाशी अबोला धरलेल्या एकाचा बैल खंगत चालला होता, तो तर मला मागून न्यायलाच आला. मशुल्लाम तीन-चार दिवस हे ऐकून घेत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ते दिवस मला पेंढीच्या दिवसापेक्षाही वाईट गेले. निदान तेव्हा कोणी आमची स्तुती करत नव्हते.

मग एके सकाळी त्याने मला हातात घेतले आणि वेशीत गेला. बाकावर बसला नाही. वडीलधाऱ्यांसमोर उभा राहून त्याने पेंढीपासून सगळे सांगितले आणि म्हणाला, "पोर वाचली ती माझ्या शब्दानं नाही. माझा शब्द अडवून धरला होता, तो जिनं अडवला तिनंच सोडला."

एक म्हातारा म्हणाला, "अरे, एवढीशी पेंढी. त्यासाठी भरल्या वेशीत कशाला?"

"एवढीशीच होती," मशुल्लाम म्हणाला. "तीसुद्धा सोडवली नाही माझ्यानं."

बाकावरची त्याची जागा पुढे दुसऱ्याला मिळाली. गाव सुधारले असे मात्र समजू नका. माणसे इतक्या लवकर सुधारत नाहीत, बैलवाला तर आपल्या भावाशी समेट करायला नको म्हणून दुसऱ्या कोणाची गोणी घेऊन गेला. पण आमच्या घरात तेव्हापासून एक चाल पडली. संकट आले आणि मला खाली काढायची वेळ आली, की दाभण हातात घेण्याआधी अजूबा घरातल्या एकेकाला विचारते, कोणाच्या दारी जायचे राहिले आहे का? कधी कधी त्या प्रश्नानेच घर तासभर रिकामे होते.

मित्रांनो, मी आता विरत चालले आहे. माझ्यात जव भरा, कोळसा भरा, फाटले की पायपुसणे करा, मला वाईट वाटणार नाही. एकच विनवणी आहे. ज्याचे तुम्ही घेतले त्याला तोंड दाखवता येत नाही, म्हणून मला गुंडाळून देवाला तोंड दाखवायला जाऊ नका. त्याने सगळे आधीच पाहिलेले असते, आणि तुम्ही अर्धे सोडलेले वाक्य मला तुमच्या कमरेशी बसून पुरे ऐकावे लागते.