उंट गेलेलाच होता

मुबीनाच्या प्रोग्रामने तिसरं प्यादं फुकट पुढे सरकवलं, तेव्हा कॉलेजच्या सभागृहात कुणीतरी हसलं. मुबीनाने लॅपटॉपवरची चाल पाहून ते प्यादं पटावर ठेवलं. समोर हितेश सर होते. पनवेलच्या निम्म्या मुलांना बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्याशी निदान बरोबरी साधणारा प्रोग्राम स्पर्धेच्या मुंबईच्या फेरीत जाणार होता. सकाळपासून एकालाही ते जमलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत तिचे अब्बा, मुश्ताक, बसले होते. मस्कतहून सुट्टीवर आलेले. मुबीनाला त्यांनी तिकडूनच, व्हिडिओ कॉलवर, दोन्हीकडे पट मांडून हा खेळ शिकवला होता. शेजारचे कमलाकरकाका त्यांच्याकडे झुकले.

"बिघडलं की काय?"

मुश्ताकनी पटाकडे निरखून पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कोपऱ्यात पांढऱ्या प्याद्यांनी कोंडलेला मुबीनाचा काळा उंट त्यांनाही दिसत होता.

हितेश सरांनी प्यादं मारलं. मारावंच लागत होतं. दर वेळी ते त्यांच्या एखाद्या मोहऱ्यावरच चालून येई. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मुबीना, कोडमध्ये काहीतरी अडकलंय बहुतेक. इथपर्यंत छान खेळला. बरोबरी मांडूया?"

परीक्षक वसुंधरा मॅडमनी होकारार्थी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

मुबीनाने कोंडलेल्या उंटाकडे बोट दाखवलं.

"नको सर. अडकलेलं काही नाही. प्रोग्राम फक्त सहा चाली पुढचं बघतो. उंट गेलेलाच आहे. पण मध्ये एक प्यादं टाकलं, की उंट मरायची चाल त्याच्या नजरेबाहेर जाते. त्याला वाटतं, वाचला."

"मग दहा चाली बघू दे त्याला," मॅडम म्हणाल्या.

"मग दहाच्या पलीकडे ढकलेल, मॅडम. मारामारी चालू असताना मोजणं मध्येच थांबवायचं नाही, हे त्याला शिकवायला हवं होतं. ते माझं राहिलं."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं.

"बरोबरी घेतलीस तर मुंबईला जाशील," हितेश सर म्हणाले.

"माहीत आहे, सर. चाल तुमची आहे."

आणखी दोन प्यादी गेली. मग टाकायला काही उरलं नाही, आणि सरांनी उंट मारला. मुबीनाने हार मानून राजा आडवा केला. हितेश सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात हातात घेतला.

बाहेर फाटकापाशी कमलाकरकाका मुश्ताकच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात घरून मुबीनाच्या अम्मीचा, साबिराचा, फोन आला.

"जिंकली का?"

"नाही," मुश्ताक म्हणाले, इतक्या मोठ्याने की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "बरोबरी देत होते. नको म्हणाली. भर सभेत, सगळ्यांसमोर."

पलीकडून साबिरा काहीतरी विचारत होती. "घरी आल्यावर सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा नंबर लावला.

मुबीना लॅपटॉपची बॅग सावरत बाहेर आली. डोळे थोडे लाल होते.

"चला अब्बा, घरी."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"जरा थांब, बेटा. मस्कतच्या दोस्तांना सांगतोय."