बोदलकशाच्या बोटीच्या बिजागऱ्या

बोटीच्या खिडक्या उघडत नव्हत्या, एवढीच गोष्ट होती. पण बोदलकसा धरणाच्या तलावावरल्या पर्यटन समितीच्या हाती पडलेली कोणतीच गोष्ट एवढीशी राहत नाही, हे भूमेश्वरी पटले हिला आता पुरतं कळून चुकलं होतं.

बोट केरळातून जुनीच आणलेली. वर छप्पर, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, पुढे चालकाची टीचभर केबिन. भूमेश्वरी ती चालवायची. तलावावर बोट चालवणारी ती एकटीच बाई, आणि हे काम तिने समितीतल्या निम्म्या पुरुषांच्या नाकावर टिच्चून मिळवलेलं. हिवाळ्यात बाहेरगावचे पक्षी तलावावर उतरले की तिरोडा-गोंदियाची माणसं गाड्या भरून येत. नेमके त्याच्या तोंडावर तपासणीचे साहेब आले. त्यांनी एका खिडकीला हिसका दिला, दुसरीला दिला, मग रुमालाने हात पुसत विचारलं की बोट कलंडली तर माणसं बाहेर कुठून पडणार. प्रत्येक खिडकी आतून एका हाताने पूर्ण उघडली पाहिजे, शुक्रवारी पुन्हा पाहतो, नाही तर बोट बांधून ठेवा, असं सांगून ते गेले.

बोट बांधली गेली तर नागपूरचा एक ठेकेदार स्वतःची बोट आणि स्वतःचा चालक घेऊन यायला टपलेलाच होता. मग भूमेश्वरीला स्टिअरिंग सोडून फाटकावर तिकिटं फाडत बसावं लागलं असतं. अध्यक्ष दुर्गाप्रसाद यांनी तसं तिला बोलूनही दाखवलं, वर सावलीतलं काम आहे म्हणून समजूत काढली.

खिडक्या न उघडण्याचं कारण दिसत होतं, पण ओळखू येत नव्हतं. बोटीचा चौकीदार केवळराम हा भूमेश्वरीचा चुलत सासरा. दर दसऱ्याला तो बोटीची साग्रसंगीत पूजा करायचा. इंजिनापासून खिडकीच्या कडीपर्यंत जे जे धातूचं दिसेल ते चंदेरी रंगाने रंगवायचं आणि त्यावर हळदकुंकू लावायचं, असा त्याचा नेम. नांगर रंगवतात, ट्रॅक्टर रंगवतात, मग बोटीने काय घोडं मारलं, असं त्याचं म्हणणं. बिजागऱ्यांवर रंगाचे इतके थर चढले होते की दोन पाती कुठे जुळतात तेही दिसत नव्हतं. आतला धातू कोणता, यावर घाटावर रोज सभा भरे. दुर्गाप्रसाद लोखंड म्हणत, त्यांचा भाचा ॲल्युमिनियम म्हणे, आणि खरवडून पाहू असं कोणीच म्हणत नसे, कारण केवळराम जवळच उभा असायचा.

दुर्गाप्रसादांनी सभा संपवली ती गोंदियाहून पिशवीभर नव्या बिजागऱ्या आणून. चकचकीत होत्या. घरातल्या कपाटाच्या होत्या. एक बसवून पाहिली तर खिडकी चार बोटं उघडली आणि चौकटीला थडकून थांबली. बोटीच्या जुन्या बिजागरीचं एक पातं मध्येच वाकवलेलं होतं, त्या बाकामुळे खिडकी चौकट ओलांडून बाहेर जायची. नव्या बिजागऱ्या सपाट. भूमेश्वरीने हे समजावून सांगितलं. दुर्गाप्रसादांनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा जोर लावून पाहायला सांगितलं. जोर लावल्यावर काच तडकली.

तेव्हा ती एक जुनी बिजागरी पर्समध्ये टाकून स्वतःच गोंदियाला गेली. पहिल्या दुकानात नळाचं सामान दाखवलं गेलं. दुसऱ्या दुकानदाराने बिजागरी, म्हणजे तिकडचा कब्जा, उलटसुलट करून परत दिली. "मॅडम, गोंदिया में नाव का कब्जा? यहाँ तो नाव ही नहीं है," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भूमेश्वरीने त्याच्याच काउंटरवरची कानस उचलली आणि बिजागरीच्या पाठीवर चार हात मारले. चंदेरी रंगाखालून हिरवा निघाला, हिरव्याखालून पांढरा, आणि त्याखाली लख्ख पिवळं पितळ. पात्यांना कुठे चीर नव्हती की झीज नव्हती. मधली सळई तेवढी लोखंडाची होती, कोणीतरी मागाहून ठोकलेली, आणि तीच गंजून फुगली होती. म्हणजे बिजागऱ्या बदलायच्याच नव्हत्या. रंग काढायचा, सळई ठोकून बाहेर काढायची, पितळेची घालायची. तिने पितळेची सळई घेतली, रंग उतरवायचं औषध घेतलं आणि तिरोड्याची बस पकडली. बसमध्ये बऱ्याच दिवसांनी तिला शेजारणीशी धड बोलावंसं वाटलं.

घाटावर आली तर बोटीला खिडक्याच नव्हत्या. सगळ्या उतरवून काठावर ओळीने टेकवून ठेवलेल्या. बिजागऱ्या एकीलाही नव्हत्या. दुर्गाप्रसादांनी जुनं काढून ठेवायला सांगितलं होतं आणि केवळरामने ते मन लावून काढलं होतं.

"मामाजी, कब्जे कोठी ठेवले?" तिने केवळरामला विचारलं.

"ठेवले नाई. शिरवले."

भूमेश्वरीला क्षणभर समजलंच नाही. केवळरामने तलावाकडे हात केला. त्याचा चेहरा अगदी निवांत होता.

"शिरवले म्हन्जे पान्यात टाकले?"

"टाकले नाई व. फुलं वाहून, हात जोडून सोडले. इतक्या दसऱ्यांची पूजा खाल्लेली वस्तू, भंगारवाल्याले देऊ का? तूच सांग."

गावात कोणाला विचारलं असतं तरी केवळरामचंच बरोबर ठरलं असतं. देवाचा फुटका फोटोसुद्धा लोक इथेच आणून सोडत. ती पायरीवर बसली, पर्समधली बिजागरी काढून त्याच्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाली, "आता ज्या जागी हात जोडले, त्या जागी नेऊन उभं करा मले."

जागा लांब नव्हती, पण तिथे कमरेच्या वर पाणी आणि खाली गुडघाभर गाळ. बातमी लागताच दुर्गाप्रसाद आपल्या भाच्याच्या जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक दोरीला बांधून घेऊन आले. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही आणि आतल्या गंजक्या सळईच्या जोरावर बिजागरी गाळातून उचलली जायची नाही, हे भूमेश्वरीने त्यांना एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिने सांगणं सोडून दिलं. ते काठावरून दोरी फिरवत राहिले, आणि त्यांना एक सायकलची साखळी मिळाली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू वाद मिटला.

शेवटी तिने योगराजला बोलावलं. त्याची शिंगाड्याची वाडी तलावाच्या पलीकडच्या अंगाला. गाळात पडलेलं काहीही तो पायाच्या बोटांनी शोधायचा. तो थंडगार पाण्यात उतरला, पाय रोवला, बोटं फिरवली, वाकून पहिली बिजागरी वर काढली आणि झेंडूच्या पाकळीसकट तिच्या हातात दिली.

"पूजा तं चांगली केली बुढ्यानं," तो म्हणाला.

भूमेश्वरीही पदर खोचून उतरली. तिच्या मागोमाग केवळराम उतरला. जे सोडलं ते परत काढणं त्याला मुळीच पटलं नव्हतं, पण पायाला लागलेली एकही बिजागरी त्याने दडवली नाही. प्रत्येक वेळी तो आधी पाण्याला हात लावी, काहीतरी पुटपुटे आणि मग ती सुनेकडे देई. ते पाहून तिला आणखीच चिडायला होई, कारण रागावायला जागाच उरत नव्हती.

अंधार पडेपर्यंत शोधूनही दोन बिजागऱ्या कमी पडल्या. म्हणजे एक खिडकी बसणार नव्हती, आणि मागे ठेवायची तर तडकलेल्या काचेचीच. दुर्गाप्रसादांनी त्या जागी प्लायवूड ठोकायचा सल्ला दिला. भूमेश्वरीने पाना घेतला आणि आपल्या केबिनचं दार उतरवायला घेतलं. त्या दाराच्या बिजागऱ्या तशाच वाकवलेल्या होत्या आणि केवळरामच्या विसर्जनातून तेवढ्या सुटल्या होत्या.

"आता दार काऊन काढून राहिली?" दुर्गाप्रसादांनी विचारलं. "थंडीत मरशील का?"

"खिडक्या उघडल्या पाह्यजे म्हणतात साहेब. माझ्या दाराचं काही बोलले नाई."

तपासणीच्या दिवशी साहेबांनी प्रत्येक खिडकी स्वतः उघडली. रंग उतरवून, नव्या सळया घालून पिवळ्याधमक झालेल्या बिजागऱ्यांवर खिडक्या एका बोटाने बाहेर जात होत्या. तडकलेली काच त्यांनी आठवड्याभरात बदलायला सांगितली. मग केबिनपाशी येऊन थबकले आणि चालकाचं दार कुठे आहे म्हणून विचारलं. भूमेश्वरी तोंड उघडणार तोच दुर्गाप्रसाद पुढे झाले आणि म्हणाले की चालकाला बाहेर पडायला क्षणाचाही वेळ लागू नये, म्हणून समितीने ठराव करून दार काढलंय. साहेबांना ते पसंत पडलं. दार पुन्हा बसवू नका, असा शेराच त्यांनी मारला आणि बोट सोडायला सांगितली.

भूमेश्वरीने अध्यक्षांकडे पाहिलं. तिने इंजिन चालू केलं, बोट घाटापासून सोडवली, आणि धरणाच्या भिंतीकडून आलेला वारा सरळ तिच्या उजव्या कानात शिरला. फेब्रुवारीपर्यंत तो असाच येणार होता. तिने एका हाताने पदर कानावरून घट्ट ओढला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग वळवलं.