दोघींतली खरी

‘टेंगूळ उतरेल, पण डोळ्यांकडे लक्ष असू द्या,’ दवाखान्यातल्या सिस्टरनं निघता निघता बजावलं होतं. ‘थोड्या दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चष्म्याच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांना.’

तिनं होकार भरला आणि दाराबाहेर पडेपर्यंत ते विसरूनही गेली. कडेवर तीन वर्षांची भिंगरी किरकिरत होती, हातात गोळ्यांची पिशवी होती आणि नवरा स्वतःच्या पायांनी चालत होता, वर थट्टाही करत होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीवरचं जड घड्याळ टांगायला स्टुलावर चढला, स्टूल कलंडलं आणि डोकं मागच्या कठड्यावर आपटलं. मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. हा मात्र भेटेल त्याला सांगत सुटला होता की घड्याळाला ओरखडासुद्धा आला नाही.

थोडे दिवस पडदे ओढून पडून राहिला आणि मग कंटाळून दुकानात जाऊ लागला. दुकान खाली, घर वर, मध्ये एक जिना. पहिल्या दिवशी ती चहाचं निमित्त करून खाली डोकावली. उजव्या डोळ्याला भिंग लावून, डावा मिटून, तो चिमट्यानं मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू उचलत होता. स्क्रू जागच्या जागी बसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री असावी म्हणून तिनं त्याला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे धाडलं. एक डोळा झाकून त्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली, मग दुसरा झाकून तीच ओळ. चष्मेवाला म्हणाला, मला गिऱ्हाईक म्हणून तुमचा काही उपयोग नाही. सासूबाईंनी तर निकालच देऊन टाकला, की घारीची नजर आहे माझ्या पोराची. विषय संपला. ज्या घरात सगळ्यांचं पोट एका उघड्या डोळ्यावर चालतं, तिथं दोन्ही डोळे मिळून काय करतात, हे विचारायचं कुणाला सुचणार?

बारीकसारीक गोष्टी दिसत होत्या, नाही असं नाही. पाणी ओतताना धार पेल्याच्या काठावर पडायची. दाराची चौकट खांद्याला लागायची. पुस्तक उघडायचा, दोन ओळी झाल्या की कपाळ दाबत मिटायचा. दमणूक, असं ती स्वतःला समजवायची. आणि तो डावा डोळा! भिंग नसतानाही तो मिटूनच बोलायला लागला होता. धंद्याची सवय अंगात मुरली, दुसरं काय. भिंगरीला वाटलं, बाबा आपल्याला डोळा मारतात. तीही उलट मारायला शिकली, पण एक मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. घरभर हसू.

एकदाच तिला खटकलं होतं. भिंगरी फरशीवर ठोकळे मांडत बसली होती. तो समोर उकिडवा बसला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागला. डोक्यावरून नव्हे, डोक्याशेजारच्या हवेवरून. अगदी मायेनं. मग हात थबकला आणि हळूच सरकत खऱ्या केसांवर आला. तिनं विचारलं तर म्हणाला, माशी होती.

रोज दुकान बंद केलं की बाप-लेकीचा एक खेळ ठरलेला असे. भिंगरी जिन्यात चार पायऱ्या वर उभी राहायची, तो खाली हात पसरायचा, डावा डोळा मिटायचा आणि ‘हं’ म्हणायचा. मग ती बेधडक उडी टाकायची.

त्या संध्याकाळी सासूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘अरे, भर जिन्यात सारखे डोळे काय मारतोस? बायको वरच उभी आहे, पळून नाही चालली कुठे.’

तीही हसली. ‘सोडा ना हो ती सवय. पोरगी उद्या शाळेत मास्तरांना डोळा मारेल.’

तो कानापर्यंत लाल झाला. त्यानं दोन्ही डोळे उघडले, हात पसरले आणि म्हणाला, ‘हं.’

भिंगरीनं उडी टाकली. त्याचे हात मिटले, जसे रोज मिटायचे तसेच जपून, पण वीतभर बाजूला, रिकाम्या जागेवर. पुढे कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही तो त्याचा चेहरा. पोर फरशीवर आपटल्याचा आवाज झाला, तरी क्षणभर तो आपल्या मोकळ्या हातांकडे बघून हसतच होता.

हनुवटी फुटली होती. डोकं वाचलं. टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी पोरीला थोडा वेळ नजरेखाली ठेवून घेतलं. आत सासूबाई तिच्या उशाशी बसल्या आणि हे दोघं बाहेरच्या बाकावर. रागानं ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. शेवटी तोच बोलला, भिंतीकडे बघत.

‘मला दोन दिसतात.’

‘काय दोन?’

‘भिंगऱ्या. पडल्यापासून. तूही दोन दिसतेस, पण तू जागेवर असतेस. ती धावते. डोळा मिटला की एक नाहीशी होते, मग उरलेलीला धरायचं.’

‘अहो, मग सांगायचं ना!’

‘काय सांगू? भिंग लावलं की सगळं लख्ख दिसतं. तक्तासुद्धा वाचला. म्हणजे डोळे धडधाकट आणि बिघडलं ते डोकं. वाटलं, वेड लागतंय. कळलं असतं तर पोरीला माझ्याजवळ दिलं असतं तुम्ही? रोज संध्याकाळी एकीला मिटवून टाकायचो. मिटवली ती खरी तर नव्हती ना, ही धास्ती ती हाताला लागेपर्यंत असायची.’

तिचा राग कुठल्या कुठे गेला. सिस्टरनं बजावलेलं आता आठवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक त्याच्या नाकाकडे हळूहळू आणलं. ती बाजूलाच बसली होती, म्हणून तिला दिसलं. उजवा डोळा पेनावर होता. डावा मात्र मध्येच सुटला आणि सावकाश बाहेर सरकत तिच्यावर येऊन थांबला. नवरा पेन बघत होता आणि त्याचा एक डोळा तिला बघत होता. तिनं पदर घट्ट धरला.

बाई म्हणाल्या, डोळे चांगलेच आहेत, वेडबीड काही नाही. हादऱ्यानं दोन्ही डोळ्यांची जोडी तुटलीय, एकाच जागी मिळून ठरत नाहीत. त्यांनी बिननंबरी चष्म्याच्या एका काचेवर धूसर चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे तूर्त दुसरं चित्र दिसणार नाही. पुढे गरज पडली तर वेगळी काच देऊ म्हणाल्या. दोरीत मणी ओवून एकेका मण्यावर नजर आणायचा व्यायाम दिला. डोकं दुखलं की लगेच थांबायचं. भिंगाचं काम थोडं थोडं. गाडी चालवायची नाही, पोरीला कडेवर घेऊन जिना नाही. बहुतेकांचं सुधारतं, पण कधी, ते मी सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या.

तिनं पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली. भिंगरी आता बाबांचं बोट धरून उतरते, म्हणजे खरं तर तीच त्यांना उतरवते. काचेवरची पट्टी निघाली, नजर नाकाजवळच्या मण्यांवरही ठरू लागली. सासूबाई मण्यांकडे बघून म्हणतात, जप तरी कर त्यावर, तेवढंच पुण्य. घरात पुन्हा हसू येतं. पण संध्याकाळी तो वर आला की भिंगरी धावत जाते आणि ती स्वयंपाकघरातून, हातातलं काम न थांबवता, विचारते, ‘किती?’

‘एकच गं,’ तो म्हणतो.

कधी लगेच म्हणतो. कधी मध्ये एवढीशी जागा राहते आणि त्या जागेत तिला वाटतं, दारात आणखी कुणीतरी उभी आहे, उचलून घ्यायची वाट बघत.

तुमच्याकडे कुणी डोकं आपटून हसत घरी आलं असेल, कामालाही लागलं असेल, तर हे वाचून झाल्यावर उठून त्याच्याकडे जा. समोर उभे राहा. किती दिसतात, विचारा. आणि उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही बघा.